निष्ठेची कसोटी : पालवणकर बाळू

मैदान रायपूरचे असो वा मुंबईचे, खेळ फुटबॉलचा असो वा क्रिकेटचा, सामना संपल्यावर प्रेक्षकांत दोन प्रश्नांवरून हमखास वाद रंगतो. अमुक खेळाडू आपल्या संघाशी एकनिष्ठ आहे काय? आणि प्रतिपक्षाशी त्याची वागणूक कशी आहे? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत हेच प्रश्न एका थोर गोलंदाजाच्या कुटुंबाविषयी विचारले गेले. त्या गोलंदाजाचे नाव पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. कोकणातील पालवण हे त्यांचे मूळ गाव. त्यावरूनच घराण्याला पालवणकर हे आडनाव मिळाले. चर्मकार समाजात जन्म झाल्यामुळे अस्पृश्यतेचे चटके त्यांना लहानपणापासूनच सोसावे लागले. वडिलांच्या लष्करी खात्यातील नोकरीमुळे कुटुंब पुण्यास राहत असे. तेथे पारशी मंडळींच्या क्रिकेटच्या मैदानावर झाडलोट करणे व खेळपट्टीवर रोलर फिरविणे, हे बाळूंचे पहिले काम. त्याबद्दल त्यांना दरमहा ३ रुपये मिळत. पुढे १८९२च्या सुमारास गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पूना क्लबमध्ये ते दरमहा ४ रुपयांवर रुजू झाले.

जाळी लावणे, खेळपट्टी राखणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे, ही त्यांची तेथील कामे होती. डाव्या हाताने मंदगतीने टाकलेला त्यांचा चेंडू कधी आत वळे, तर कधी बाहेर जाई. कॅप्टन ग्रेग हा निष्णात फलंदाज तासन्‌तास त्यांच्याकडून सराव करून घेई आणि स्वतः बाद झाला की प्रत्येक वेळी त्यांना आठ आणे देई. या सरावामुळे ग्रेगची फलंदाजी सुधारली आणि बाळूंची गोलंदाजीही धारदार झाली. साहेबांनी त्यांच्या हाती बॅट मात्र सहसा दिली नाही.

पुण्यातील हिंदू क्लबला युरोपीय संघाला हरवायचे होते आणि बाळूंसारखा गोलंदाज त्यांच्यापाशी नव्हता. काही सभासदांचा विरोध असतानाही अखेर बाळूंना संघात घेण्यात आले. मैदानावर सर्वांच्या हाती एकच चेंडू फिरे; पण चहापानाच्या वेळी सहकारी आत बसत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणाची पंगतही वेगळी असे. हा अपमान गिळून त्यांनी संघाला विजय मिळवून दिले. साताऱ्याच्या युरोपीय संघाविरुद्ध त्यांनी केलेल्या कामगिरीनंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा जाहीर गौरव केला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तेथे सहभोजनावरील निर्बंध हळूहळू सैल झाले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपीय संघावर १०९ धावांनी विजय मिळविला. या विजयात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम यांचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाला बहुतेक सामन्यांत पराभव पत्करावा लागला. पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेऊन इंग्रज जाणकारांची वाहवा मिळविली.

एवढे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत वाद पेटला. कर्णधार पै आजारी असल्याने पहिल्या सामन्यासाठी नेतृत्व दि. ब. देवधर यांच्याकडे देण्यात आले. बाळूंना तर संघातूनच वगळण्यात आले. त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी याचा जाहीर निषेध करून संघातून अंग काढून घेतले. ऐन सामन्याच्या तोंडावर संघ सोडणे ही निष्ठा म्हणायची काय, असे काही क्रीडारसिक विचारू लागले. संघासाठी झिजणाऱ्यांना केवळ जातीमुळे डावलणे, हा निष्ठेचा कोणता प्रकार, असा प्रतिप्रश्न इतरांनी केला. अखेर समेट झाला. पारशी संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात दोघे बंधू परतले आणि बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. पै काही काळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने युरोपीय संघाला पराभूत केले.

खेळातून निवृत्त झाल्यावरही निष्ठेचा प्रश्न बाळूंची पाठ सोडीना. त्यांचा खेळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिमानास्पद वाटत असे. परंतु राजकारणात दोघांचे मार्ग भिन्न झाले. बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. १९३२च्या पुणे करारावर त्या दोघांच्याही स्वाक्षऱ्या आहेत. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. मैदानावर सवर्णांनी त्यांची निष्ठा तपासली होती. आता ती स्वकीयांच्याही चर्चेचा विषय झाली.

४ जुलै १९५५ रोजी बाळूंचे निधन झाले. ज्यांना त्यांनी सरावासाठी चेंडू टाकले, त्या गोऱ्या खेळाडूंशी ते पुढे बरोबरीच्या नात्याने झुंजले. ज्यांनी त्यांना पंगतीबाहेर बसविले, त्या संघासाठी त्यांनी बळी मिळविले. खेळाडूने संघाशी एकनिष्ठ असावे, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु संघानेही खेळाडूशी न्यायाने वागले पाहिजे, हे पालवणकर बंधूंनी १९२० साली दाखवून दिले. एखाद्या खेळाडूची निष्ठा जोखताना त्याचा संघ त्याच्याशी कसा वागला, हेही पाहणे अगत्याचे आहे.