शहागंजच्या वाटेवरचा सिराज

शहागंजात खरेदीला गेलं की १७२०च्या सुमाराची ती जुनी मशीद दिसते आणि मला सिराज औरंगाबादी आठवतो. त्याच काळात याच शहरात वाढलेला हा शायर. बाराव्या-तेराव्या वर्षी पोराला वेडच लागलं. अंगावरच्या कपड्यांची शुद्ध नाही, रात्री-बेरात्री खुलताबादला बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याकडे धाव! वडिलांनी बेड्या घातल्या. आईचं काय झालं असेल? ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्या धुंदीत आधी फारसी शेर सुचले, पुढे उर्दू गझला. १७४०च्या सुमारास गुरूंनी सांगितलं आणि ऐन तरुणपणी त्यानं शायरी सोडली. गझला गुरुबंधूनं गोळा केल्या, म्हणून वाचल्या. १७६३मध्ये सिराज इथेच वारला. आबिदा परवीननं त्याची गझल गायलीय. मुलींनो, एकदा ऐकाच.