राजमाता जिजाऊ आणि पुण्याचा नांगर

सिंदखेड राजा येथील लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला. शहाजीराजे भोसले यांच्याशी विवाह होऊन त्या सासरी गेल्या. १६२९ मध्ये दौलताबादेस निजामशाही दरबारात त्यांचे पिता व बंधू मारले गेले. पुढील वर्षी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला.

त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे बेचिराख करून तेथे गाढवांचा नांगर फिरविला. पुढे जिजाऊ बाल शिवरायांसह तेथे आल्या आणि त्यांनी सोन्याचा फाळ लावलेला नांगर त्या भूमीत चालविला, अशी परंपरा आहे. फाळ सोन्याचा होता हे सारेच सांगतात; पण रुमणे, इसाड व जू लाकडाचीच, आणि ती घडविणाऱ्या सुताराचे नाव कोणी सांगत नाही. वास्तविक उजाड गावी कुळे नांदावयाची तर सुतार आधी यावा लागे. बाभळीचे लाकूड वाकसाने तासून नांगर, वखर, तिफण तोच करी व सुगीला खळ्यावर धान्याचे बलुते घेई. पीक नसेल तर बलुते नाही, आणि बलुते नसेल तर सुतार राहणार कसा? म्हणूनच रयतेस अभय देऊन जमिनी लागवडीस आणण्याचे ते कार्य आम्हांस एखाद्या गडाच्या विजयाहून उणे वाटत नाही. पुण्यातील कसबा गणपतीचे मंदिरही जिजाऊंनीच उभारविले.

राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे त्यांनी देह ठेवला. भाविकांनी सिंदखेड राजा येथील त्यांचे जन्मस्थान अवश्य पाहावे.