गणितात नापास झालेले गदिमा

आपल्या शाळेत आगीनगाडीतून मामाच्या गावाला नेणारं गाणं बालवाडीपासून सगळ्यांनी म्हटलं. ते लिहिणारा माणूस मॅट्रिक नापास होता, हे मात्र मला इंजिनिअर होऊन बरीच वर्षं झाल्यावर कळलं.

गजानन दिगंबर माडगूळकर. जन्म १ ऑक्टोबर १९१९, शेटफळे. घरची गरिबी. औंधला शिकले आणि मॅट्रिकला गणितानं दगा दिला. पोटासाठी कोल्हापूरला सिनेमात शिरले. तिथे मिळेल ते काम केलं. वि. स. खांडेकरांचे लेखनिकही झाले.

सिनेमाचं गाणं मनात येईल तेव्हा आणि तसं लिहून चालत नाही. प्रसंग ठरलेला, पात्र ठरलेलं, कधी चालही आधीच तयार. त्या चौकटीत गदिमा पात्राच्या तोंडी शोभेल अशीच भाषा ठेवत. १९४७च्या ‘रामजोशी’त शाहिरी थाटाच्या लावण्या, तर १९६०च्या ‘जगाच्या पाठीवर’मध्ये घरातल्या बोलण्यासारखे सोपे शब्द.

१९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं. दर आठवड्याला नवं गाणं, वर्षभर, एकूण ५६. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. राम, सीता, कौसल्या, शबरी, प्रत्येकाचं मन वेगळं आणि बोलणंही वेगळं. आम्ही सॉफ्टवेअरवाले तारीख पुढे ढकलतो. रेडिओवर ती सोय नव्हती.

पुढे विधान परिषदेची आमदारकी, १९६९ साली पद्मश्री, १९७३ला यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. १४ डिसेंबर १९७७ला ते गेले.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. दहावीला माझ्या बाकावरची मैत्रीण गणितात राहिली. स्नेहसंमेलनात गाणी तीच बसवायची, नवे शब्दही तीच जुळवायची. निकालाच्या दिवशी मी माझे गुण सांगत फिरले, तिच्याकडे गेलेच नाही. त्यानंतर ती आपल्या एकाही मेळाव्याला आली नाही.

या वेळी तिचा नंबर मिळवून मी फोन केला. आधी माफी मागितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, बघते.

बाई, सर, ती आलीच, तर तिला गुण विचारू नका. गाणं म्हणायला सांगा.