चार्ल्स केटरिंग

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग (२९ ऑगस्ट, इ.स. १८७६ – २५ नोव्हेंबर, इ.स. १९५८) हे अमेरिकन विद्युत अभियंते व संशोधक होते. मोटारगाडीचे इंजिन बॅटरीच्या साहाय्याने सुरू करणारा विद्युत स्टार्टर व्यवहारात आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. आजच्या मोटारीतील बॅटरी, स्टार्टर, दिवे आणि प्रभारण यांची एकत्रित रचना त्यांच्या कामातून विकसित झाली.

सुरुवातीचे जीवन

केटरिंग यांचा जन्म अमेरिकेच्या ओहायो राज्यातील लाउडनव्हिल गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. तरुणपणी त्यांनी काही काळ शाळेत अध्यापन केले. दृष्टी अधू असल्यामुळे त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण खंडित झाले. त्या काळात त्यांनी टेलिफोनच्या तारा टाकण्याचे काम केले. पुढे सहाध्यायांकडून पाठ वाचून घेत त्यांनी इ.स. १९०४ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठाची अभियांत्रिकीची पदवी मिळवली.

त्याच वर्षी ते डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत रुजू झाले. दुकानातील गल्ल्याचे यंत्र तोपर्यंत हाताने चालवावे लागे. केटरिंग यांनी त्याला विद्युत मोटार जोडली. लहान मोटार क्षणभर मोठा भार पेलू शकते, मात्र त्यानंतर तिला विश्रांती मिळाली पाहिजे, हे तत्त्व त्यांना या कामात उपयोगी पडले. इ.स. १९०९ मध्ये त्यांनी एडवर्ड डीड्स यांच्यासह डेल्को ही कंपनी स्थापन केली.

विद्युत स्टार्टर

त्या काळी मोटारगाडी समोरून हँडल मारून सुरू करावी लागत असे. विहिरीवरचे डिझेल इंजिन हँडलने सुरू करताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्यातील श्रमाची व धोक्याची कल्पना येईल. इंजिनने उलटा झटका दिल्यास मनगट किंवा हात मोडे. अशाच अपघातात एका परिचिताचा मृत्यू झाल्याने कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी या प्रश्नात लक्ष घातले, असे सांगितले जाते.

इंजिन फिरवण्याइतकी ताकदवान मोटार व तिच्यासाठी लागणारी बॅटरी गाडीत मावणार नाही, असा अनेकांचा समज होता. स्टार्टरला काही सेकंदच काम करायचे असते, हे केटरिंग यांनी हेरले. इ.स. १९११ मध्ये त्यांची रचना यशस्वी झाली आणि इ.स. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत ती बसवण्यात आली. या शोधाचे एकस्व त्यांना इ.स. १९१५ मध्ये मिळाले.

रचनेचे कार्य

शिसे-आम्ल बॅटरीचा एक घट सुमारे २ व्होल्ट विभव देतो. पहिल्या कॅडिलॅक रचनेत इंजिन सुरू करताना बॅटरीचे गट एकसर जोडले जात व २४ व्होल्ट मिळत. इंजिन सुरू झाल्यावर तेच गट समांतर जोडले जात. मग ६ व्होल्टवर दिवे आणि इंजिनातील ठिणगीची व्यवस्था चाले. स्टार्टरची मोटारच आता जनित्र म्हणून काम करी व बॅटरी पुन्हा प्रभारित होई. थोड्या वेळाचे जड काम आणि दीर्घकाळाचे हलके काम अशी ही विभागणी होती.

आधुनिक वाहनांतील दुहेरी बॅटरी रचनेत हाच प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवला जातो. इंजिन बंद असताना दिवे, पंखे वा शीतपेटी चालवल्यास एकच बॅटरी उतरते आणि गाडी सुरू होत नाही. म्हणून स्टार्टरसाठी एक व इतर उपकरणांसाठी दुसरी बॅटरी ठेवतात. इंजिन चालू असताना दोन्ही प्रभारित होतात. ते बंद होताच रिले त्यांना परस्परांपासून अलग करतो.

नंतरचे संशोधन

इ.स. १९१६ मध्ये वीज न पोहोचलेल्या शेतघरांसाठी डेल्को-लाइट हा जनित्र व बॅटऱ्यांचा संच विक्रीस आला. इ.स. १९२० ते १९४७ या काळात केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. रेल्वे इंजिनांसाठी हलके द्विआघाती डिझेल इंजिन त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा त्यांचा प्रकल्प मात्र अयशस्वी ठरला व इ.स. १९२३ मध्ये त्या गाड्या परत घ्याव्या लागल्या.

शिसेयुक्त पेट्रोल

इंजिनातील ठोके थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड मिसळण्याचा उपाय इ.स. १९२१ मध्ये केटरिंग यांचे सहकारी थॉमस मिजली यांनी शोधला. शिशाची विषबाधा तेव्हाही अज्ञात नव्हती. इ.स. १९२४ मध्ये या द्रव्याच्या निर्मितीत काही कामगार मृत्युमुखी पडले. तरीही केटरिंग यांनी त्याच्या वापराचे समर्थन केले. शिसेयुक्त धुरामुळे जगभर, विशेषतः मुलांच्या मेंदूच्या वाढीवर, अनिष्ट परिणाम झाले. भारतात असे पेट्रोल इ.स. २००० मध्ये बंद झाले. हातांना इजा करणारे हँडल हद्दपार करणाऱ्या संशोधकाच्या कार्याचे मूल्यमापन करताना ही बाजूही विचारात घेतली जाते.

वारसा

अल्फ्रेड स्लोन यांच्यासमवेत त्यांनी इ.स. १९४५ मध्ये न्यू यॉर्क येथे कर्करोग संशोधनासाठी स्लोन-केटरिंग संस्थेच्या स्थापनेत भाग घेतला. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक एकस्वे आहेत. ओहायोतील केटरिंग शहर व मिशिगन राज्यातील केटरिंग विद्यापीठ यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांचे निधन डेटन येथे झाले.