संधिप्रकाशातील लेखक : रॉड सर्लिंग

दूरचित्रवाणीवरील मालिका घराघरांत पोहोचते, तिच्यातील नटनट्या घरच्या माणसांइतक्या ओळखीच्या होतात. पण ती लिहिणारा मनुष्य बहुधा श्रेयनामावलीतील एका ओळीपुरताच उरतो. अमेरिकेतील रॉड सर्लिंग हा या नियमाला अपवाद होता. ‘द ट्वायलाइट झोन’ ही त्याची मालिका २ ऑक्टोबर १९५९ रोजी सुरू झाली. आपल्याकडे दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू होऊन तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता. दुसऱ्या वर्षापासून तो स्वतः पडद्यावर येऊन कथेची प्रस्तावना करू लागला आणि एका लेखकाचा चेहरा साऱ्या देशाच्या परिचयाचा झाला. परंतु मला त्याच्याविषयी लिहावेसे वाटले ते या प्रसिद्धीमुळे नव्हे. ज्याच्या पैशावर आपले लेखन लोकांपुढे जाते त्याच्याशी लेखकाने कसे वागावे, हा प्रश्न त्याने जन्मभर झेलला, म्हणून.

सर्लिंगचा जन्म २५ डिसेंबर १९२४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे एका ज्यू कुटुंबात झाला. बालपण त्याच राज्यातील बिंगहॅम्टन या छोट्या शहरात गेले. शालेय शिक्षण संपताच तो सैन्यात दाखल झाला आणि छत्रीधारी पलटणीतून फिलिपाइन्सच्या आघाडीवर गेला. तेथे विमानातून टाकलेली अन्नाची पेटी अंगावर पडून त्याचा एक सोबती त्याच्या देखत मेला. जगवण्यासाठी पाठवलेले अन्नच जीव घेते, ही नियतीची थट्टा त्याच्या मनातून कधी गेली नाही. त्याच्या कथांचे शेवट असे उलटे का फिरतात, याचे एक उत्तर मला येथे सापडते. सैन्यात त्याने मुष्टियुद्धही केले. तो अनुभव पुढे त्याच्या लेखनात उतरला.

युद्धानंतर ओहायो राज्यातील अँटिऑक कॉलेजात शिकत असतानाच तो नभोवाणीसाठी लिहू लागला. पुढे सिनसिनाटी येथे नोकरी करीत त्याने रात्री जागून नाटिका लिहिल्या. पुष्कळशा साभार परत आल्या. यश आले ते १२ जानेवारी १९५५ रोजी. ‘पॅटर्न्स’ ही त्याची नाटिका त्या रात्री प्रक्षेपित झाली. एका मोठ्या कंपनीत वृद्ध अधिकाऱ्याने स्वतः होऊन जावे म्हणून त्याचा रोज पाणउतारा केला जातो आणि त्याच्या जागेसाठी आणलेला तरुण हे सारे पाहत असतो, असे तिचे कथानक. त्या काळी नाटिका थेट प्रक्षेपित होत. एकदा झाली की संपली. परंतु ‘पॅटर्न्स’ इतकी गाजली की महिन्याभरात नटसंचाला पुन्हा उभे करून तिचा दुसरा प्रयोग करावा लागला. पुढच्याच वर्षी उतरत्या काळातील मुष्टियोद्ध्यावरची ‘रेक्विएम फॉर अ हेवीवेट’ आली आणि सर्लिंग पहिल्या पंक्तीत जाऊन बसला.

खरा झगडा येथून पुढे सुरू होतो. त्या काळी अमेरिकेत एखादा कार्यक्रम म्हणजे जणू जाहिरातदाराची मालमत्ता. आपल्या मालाला बाधेल असे काहीही त्याला नको असे. न्यूरेंबर्ग खटल्यावरील एका नाटिकेत छळछावण्यांतील ‘गॅस’ हा शब्दच प्रक्षेपणात गाळला गेला, कारण प्रायोजकांत गॅस कंपन्या होत्या! ती नाटिका सर्लिंगची नव्हती. पण त्याच्या वाट्याला आलेले प्रसंग याहून वेगळे नव्हते.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची निर्घृण हत्या झाली आणि गोऱ्या पंचांनी दोन्ही गोऱ्या आरोपींना निर्दोष सोडले. सर्लिंग अस्वस्थ झाला. या घटनेवरून त्याने ‘नून ऑन डूम्सडे’ लिहिली. मूळ संहितेतच त्याने मृत व्यक्ती कृष्णवर्णीय न ठेवता एक वृद्ध ज्यू केली होती. तरीही ही टिलची कथा असल्याचे वृत्तपत्रांत छापून येताच दक्षिणेतील वर्णद्वेष्ट्या संघटना खवळल्या आणि प्रायोजकांना बहिष्काराची धास्ती पडली. मग कथा दक्षिणेतून उचलून न्यू इंग्लंडला नेण्यात आली. मृत व्यक्ती कोणी एक अनामिक परदेशी झाली. दक्षिणेची आठवण नको म्हणून नेपथ्यातील कोका-कोलाच्या बाटल्यासुद्धा हलवल्या! १९५६ च्या एप्रिलमध्ये जे प्रक्षेपित झाले त्यात एमेट टिल शोधूनही सापडला नसता. दोन वर्षांनी त्याने ‘अ टाउन हॅज टर्न्ड टु डस्ट’मधून तोच विषय पुन्हा मांडला. या खेपेला कथा मागच्या शतकात ढकलली गेली आणि बळी मेक्सिकन तरुण ठरला.

या अनुभवानंतर सर्लिंग अद्भुताकडे वळला. समकालीन माणसाच्या तोंडी जे वाक्य खपत नाही ते परग्रहावरच्या प्राण्याच्या तोंडी बिनबोभाट खपते, हे त्याने ओळखले. आपल्याला ही युक्ती अपरिचित नाही. खाडिलकरांनी ‘कीचकवधा’त महाभारताचा पडदा घेऊन हेच केले होते, फरक इतकाच की तेथे सरकारने तो पडदा ओळखला आणि नाटकावर बंदी घातली. सर्लिंगचे प्रायोजक तितके चाणाक्ष नव्हते. ‘ट्वायलाइट झोन’च्या १५६ भागांपैकी ९२ त्याने स्वतः लिहिले. उरलेल्यांपैकी बरेच रिचर्ड मॅथेसन आणि चार्ल्स बोमाँट या गुणी लेखकांचे होते.

यांतला मेपल स्ट्रीटवरचा, मार्च १९६० मधील भाग मला सर्वांत जवळचा वाटतो. एका शांत गल्लीतील वीज जाते. परग्रहवासी आल्याची आवई उठते, आणि आपल्यातलाच कोणी त्यांचा हस्तक असावा असे वाटून सज्जन शेजारी एकमेकांवर तुटून पडतात. एकाचा जीवही जातो. परग्रहवासी खरेच असतात, पण ते टेकडीवरून वीज तेवढी घालवतात-आणतात आणि पाहत असतात. माणसांचा नाश करायला त्यांना याहून अधिक काही करावेच लागत नाही. कम्युनिस्टांच्या संशयाने पछाडलेल्या दशकाचे इतके नेमके चित्र उघड राजकीय नाटिकेला तेव्हा दाखवता आले नसते.

विनोद मात्र त्याच्या हाताला बसला नाही. ‘कॅव्हेंडर इज कमिंग’मध्ये कॅरोल बर्नेटसारखी विनोदी अभिनेत्री असून आणि ध्वनिमुद्रित हशा जोडूनही हसू येत नाही. कडवट उपरोध हीच त्याची जात होती.

पण मग हा विजय मानावा की माघार? मला वाटते, दोन्ही. रूपकामुळे सर्लिंगला बोलता आले हे खरे. पण ज्याला बोध नको त्याला नुसती चमत्कृती पाहून झोपी जाण्याची सोयही त्यामुळेच झाली. एमेट टिलचे नाव त्या प्रेक्षकांना ऐकावे लागलेच नाही. तथापि एप्रिल १९६० मधील ‘द बिग टॉल विश’ विसरून चालणार नाही. त्या भागातील मुख्य भूमिका सर्लिंगने कृष्णवर्णीय नटांना दिल्या. वर्णाविषयी एक शब्दही न बोलता त्याने त्यांना साधी, हाडामांसाची माणसे म्हणून उभे केले. त्या काळातील दूरचित्रवाणीवर हे दुर्मीळ होते.

१९६४ मध्ये मालिका थांबली. तिच्यातील आपला हिस्सा सर्लिंगने कंपनीला विकून टाकला. पुढे पुनःप्रक्षेपणांचा मोठा लाभ कंपनीला झाला. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ (१९६८) या चित्रपटाच्या पटकथेत त्याचा वाटा होता. ‘नाइट गॅलरी’ या मालिकेत त्याचा चेहरा होता, पण निर्णयाचा अधिकार नव्हता, याची त्याला खंत होती. जाहिरातदारांशी भांडलेला हा लेखक उत्तरायुष्यात स्वतः जाहिरातींतून दिसू लागला, हेही नमूद केले पाहिजे. इथाका कॉलेजात तो विद्यार्थ्यांना लेखन शिकवीत असे. सिगारेटचे व्यसन अखेर भोवले. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर २८ जून १९७५ रोजी, अवघ्या पन्नासाव्या वर्षी त्याचे निधन झाले.

सहा एमी पारितोषिके मिळवणाऱ्या या लेखकाची कारकीर्द निष्कलंक होती असे मी म्हणणार नाही. परंतु स्नेहसंमेलनासाठी एकांकिका लिहिताना हे चालेल का, ते चालेल का, असा विचार आपण कागदाला पेन लावण्यापूर्वीच करतो. सर्लिंगने आधी लिहिले, लिहिलेले कापले गेल्यावर पुन्हा लिहिले, आणि सरळ वाट बंद झाल्यावरच आडवाट धरली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपल्यापैकी जे लिहू पाहतात त्यांनी निदान तेवढा त्याच्याकडून घ्यावा.