महेंद्रनाथ मुल्ला

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला (१५ मे १९२६ – ९ डिसेंबर १९७१) हे भारतीय नौदलातील अधिकारी होते. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात ते आय.एन.एस. खुकरी या फ्रिगेटचे कप्तान होते. पाणतीर लागून खुकरी अरबी समुद्रात बुडाली. जहाज सोडण्याचा आदेश देऊन मुल्ला स्वतः जहाजावरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र प्रदान करण्यात आले.

जीवन

मुल्ला यांचा जन्म गोरखपूर येथे, वकिली आणि न्यायदानाची परंपरा असलेल्या काश्मिरी पंडित कुटुंबात झाला. १९४६ मध्ये ते कॅडेट म्हणून तत्कालीन रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झाले आणि १ मे १९४८ रोजी अधिकारी बनले. आय.एन.एस. कृष्णा या जहाजावर त्यांनी काम केले, आय.एन.एस. राणा या विनाशिकेचे नेतृत्व केले. लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयात ते उपनौदल सल्लागार होते. मुंबईतील आय.एन.एस. आंग्रे या किनारी तळावरही त्यांची नेमणूक झाली होती. घरातील कायद्याचा वारसा त्यांनी नौदलातही जपला. लष्करी न्यायालयापुढे उभ्या राहिलेल्या खलाशांचा बचाव करणारा अधिकारी म्हणून त्यांचे नाव होते. खालच्या डेकवरच्या माणसांशी असलेला त्यांचा हा संबंध त्यांच्या अखेरच्या वर्तनाकडे पाहताना विसरता येत नाही.

खुकरीची अखेरची सफर

ब्रिटिश बांधणीची, ब्लॅकवुड वर्गातील खुकरी १९५८ मध्ये नौदलात आली. मुल्ला तिचे कप्तान आणि १४ व्या फ्रिगेट पथकाचे प्रमुख होते. युद्धाच्या आरंभी मुंबईच्या समुद्रात असलेली हंगोर ही पाकिस्तानी पाणबुडी पुढे सौराष्ट्राच्या किनाऱ्याकडे सरकली. तिचे संदेश पकडले गेल्यावर तिचा शोध घेण्यासाठी ८ डिसेंबर रोजी खुकरी आणि कृपाण मुंबईहून निघाल्या. पथकातील कुठार ही तिसरी फ्रिगेट यंत्रातील बिघाडामुळे आधीच माघारी आणावी लागली होती.

पाणबुडीच्या सोनारचा पल्ला फ्रिगेटच्या सोनारपेक्षा मोठा होता. खुकरीवर सोनारचा पल्ला वाढविण्याचा एक प्रयोग चालू होता व त्यासाठी जहाजाचा वेग कमी ठेवावा लागत होता. पाणबुडीच्या टापूत मंद गतीने जाणे धोक्याचे असते, आणि या निर्णयावर नंतर बरीच चर्चा झाली. ९ डिसेंबरच्या रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवच्या नैर्ऋत्येस सुमारे ४० सागरी मैलांवर हंगोरने हल्ला केला. कृपाणवर सोडलेला पहिला पाणतीर फुटला नाही. दुसरा खुकरीवर आदळला.

जहाज सोडण्याचा प्रश्न

आपत्तीत किती जण वाचतील हे जीवरक्षक नौकांतील जागांवर ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. १९१२ मध्ये टायटॅनिकवर सुमारे २,२०० माणसे होती आणि नौकांत जागा १,१७८ होत्या. त्यानंतर १९१४ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने प्रत्येकासाठी जागा असण्याचे तत्त्व रूढ केले. मात्र त्या रात्री आहे त्या नौकाही पुरत्या भरल्या गेल्या नव्हत्या. टायटॅनिक बुडायला अडीच तासांहून अधिक वेळ लागला. खुकरीला मोजकीच मिनिटे मिळाली. मुंबईकरांना याचे जवळचे उदाहरण म्हणजे १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट. ती अल्पावधीत कलंडली आणि ६०० हून अधिक प्रवासी बुडाले. एकदा जहाज कलले की एका बाजूच्या नौका उतरवता येत नाहीत आणि दुसऱ्या बाजूच्या पाण्याखाली जातात.

युद्धनौकेवर आणखी एक अडचण असते. लढाईच्या वेळी बहुतेक माणसे खालच्या डेकवर आपापल्या ठिकाणी असतात आणि पाणी अडविण्यासाठी दारे बंद असतात. स्फोटानंतर खुकरीवरील दिवे गेले. अंधारात, तिरक्या झालेल्या अरुंद शिड्यांवरून वर येण्याइतका अवधी बहुसंख्यांना मिळाला नाही.

वाचलेल्यांच्या कथनानुसार मुल्ला धक्क्याने जखमी झाले होते. जहाज सोडण्याचा आदेश देऊन ते माणसांना पाण्यात उतरवत राहिले. समुद्रात उडी घेण्यास कचरणाऱ्यांना त्यांनी ढकलले आणि स्वतःचे जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला दिले. त्यांच्याबरोबर बाहेर पडण्याचा सहकाऱ्यांचा आग्रह त्यांनी मानला नाही. ब्रिजवरील आपल्या खुर्चीत बसलेले असे ते अखेरचे दिसले. कप्तानाने जहाजाबरोबर बुडावे असा नियम नाही. माणसे बाहेर काढण्याची जबाबदारी मात्र त्याची असते, आणि खालच्या डेकवर अजून माणसे होती.

१८ अधिकारी आणि १७६ खलाशी मृत्युमुखी पडले. ६७ जण वाचले; त्यांना दुसऱ्या दिवशी आय.एन.एस. कच्छलने समुद्रातून उचलले. स्वातंत्र्योत्तर काळात युद्धात बुडालेली ही भारताची पहिली युद्धनौका होय.

स्मृती

दीव येथे खुकरीचे स्मारक असून तेथे काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती ठेवली आहे. कुलाब्याच्या नेव्ही नगरमधील सभागृहास मुल्ला यांचे नाव आहे. २००० मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी वाचलेल्या नौसैनिकांच्या आठवणींवर आधारित पुस्तक २००६ मध्ये लिहिले. माझगाव डॉकमध्ये बांधलेली खुकरी याच नावाची दुसरी युद्धनौका १९८९ ते २०२१ या काळात नौदलाच्या सेवेत होती.