अक्षरांच्या घराण्यातली सारा

मार्च जवळ आला की आमच्या बचत गटात पुस्तिकेची धांदल सुरू होते. जमाखर्च, पापड-मसाल्याची विक्री, कर्जफेड, फोटो. बारा-सोळा पानांचं काम, पण लग्नघरासारखी गडबड. यंदा बँकेच्या साहेबांसाठी दोन पानं इंग्रजीत घालायची ठरलं, आणि मी बी.ए. झालेली म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. डीटीपीवाल्या दादांच्या शेजारी स्टूल ओढून बसले. त्यांनी फॉन्टची यादी उघडून दिली आणि आवडेल तो निवडा म्हणाले. मैत्रिणींनो, साडीच्या दुकानात गेल्यावर होतं तसं झालं. सगळेच बरे वाटायला लागले!

त्यातल्या एका नावावर नजर थांबली, ‘बास्करव्हिल ओल्ड फेस’. अक्षर देखणं होतं. गोल, ऐसपैस, बोरूनं लिहावं तसं कुठे जाड, कुठे केसासारखं बारीक. ठरलं, हेच घ्या म्हटलं. मथळा मात्र ठळक हवा होता. दादांनी ठळक करायचं बटण दाबलं आणि त्या सुंदर अक्षरांना सूज आल्यासारखं झालं. पोटं भरली, बारीक रेषा गेल्या. दादा हसले आणि मला एक धडा मिळाला. फॉन्टची म्हणे फॅमिली असते. साधं अक्षर, तिरकं, ठळक, ठळक-तिरकं, अशी भावंडं. प्रत्येक भावंड वेगळं रेखाटलेलं असतं. पण संगणकातला हा फॉन्ट एकटाच आहे, त्याला ठळक भावंड नाही. मग संगणक काय करतो, तर साध्याच अक्षराला फुगवतो. म्हणून एकतर ठळक भावंड असलेली फॅमिली निवडायची, नाहीतर मथळा ठळक न करता नुसता मोठा करायचा. आम्ही मोठा केला.

घरी आले तरी ते नाव डोक्यातून जाईना. हा बास्करव्हिल कोण? दोन संध्याकाळी लेकाचा मोबाइल घेऊन वाचत बसले (भाजी एकदा करपली). बास्करव्हिल शोधायला गेले आणि भेटली सारा.

जॉन बास्करव्हिलचा जन्म १७०६ साली इंग्लंडमधल्या वुस्टरशर परगण्यातल्या वुल्व्हर्ली गावातला. तरुणपणी तो बर्मिंगहॅमला आला आणि मुलांना सुंदर हस्ताक्षर शिकवायला लागला. जोडीला थडग्यांच्या दगडांवर अक्षरं कोरून द्यायचा. त्यानं जाहिरातीसाठी कोरलेली दगडी पाटी आजही बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे. पण अक्षरावर पोट भरत नव्हतं. पुढे त्यानं चकचकीत रोगण लावलेले ट्रे, डबे असल्या वस्तूंचा धंदा काढला. आपल्या सावंतवाडीचं लाखकाम डोळ्यांपुढे आणा, साधारण तसली चमक. १७४२ साली त्याचं पेटंटही घेतलं. पैसा भरपूर आला, गावाबाहेर मोठं घर बांधलं, आणि मग पंचेचाळिशीच्या आसपास हा माणूस आपल्या जुन्या प्रेमाकडे वळला, म्हणजे अक्षराकडे.

तेव्हा छपाईचे खिळे कसे बनायचे ते थोडक्यात सांगते. पोलादाच्या कांडीच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं. तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकून साचा करायचा. साच्यात वितळलेलं शिसं ओतून खिळे पाडायचे. आणि हे एकेका अक्षरासाठी, एकेका आकारासाठी, सरळ आणि तिरक्या अक्षराचं वेगवेगळं. बास्करव्हिल कल्पना सांगायचा, जॉन हँडी नावाचा कारागीर ठसे कोरायचा. तोपर्यंत इंग्लंडात कॅसलन नावाच्या माणसाचे खिळे घरोघरी माहीत होते. बास्करव्हिलनं अक्षर जास्त सरळ उभं केलं, गोलाई वाढवली, जाड-बारीक रेषांतला फरक वाढवला. पण एवढी बारीक रेष त्या काळच्या खरबरीत कागदावर उमटणार कशी? मग त्यानं सगळंच बदलायला घेतलं. मुद्रणयंत्र सुधारलं. जवसाचं तेल उकळून, काजळी घालून स्वतःची गडद शाई केली. तारांचे वळ न उमटलेला नवा गुळगुळीत कागद वापरला आणि छापून झालेलं पान तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांत दाबून इस्त्री केल्यासारखं करायला लागला. सुमारे सात वर्षांच्या खटपटीनंतर १७५७ साली पहिलं पुस्तक निघालं, व्हर्जिल या लॅटिन कवीचं. पुढच्या वर्षी मिल्टन. १७६३ साली केंब्रिज विद्यापीठासाठी बायबल छापलं. गंमत म्हणजे या माणसाचा धर्मावर काडीचा विश्वास नव्हता, आणि त्याचं सगळ्यात देखणं पुस्तक म्हणून लोक नाव घेतात ते बायबलचं.

कौतुक परदेशात झालं, घरच्यांनी नाकं मुरडली. अक्षर फार बारीक, पान फार पांढरं, वाचून डोळे जातील अशी ओरड झाली. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा इंग्लंडात होते. त्यांनी असं बोलणाऱ्या एका गृहस्थाची फिरकी घेतली. कॅसलनच्या खिळ्यांचा नमुना बास्करव्हिलचा म्हणून पुढे ठेवला, आणि गृहस्थ लगेच त्यातले दोष दाखवायला लागले! पण असल्या गमतीनं पुस्तकं खपत नाहीत. छपाईनं बास्करव्हिलला कधी नफा दिला नाही. रोगणाचा धंदा कमवायचा आणि अक्षरं खायची. उतारवयात त्यानं खिळे विकायलाही काढले, पण गिऱ्हाईक मिळालं नाही.

आता साराबद्दल. तिच्यासाठीच तर लिहायला बसले. सारा ईव्हज ही लग्न झालेली, मुलंबाळं असलेली बाई. तिचा नवरा रिचर्ड ईव्हज एका मृत्युपत्राच्या लबाडीत सापडला आणि बायकोमुलांना टाकून पळून गेला. मी गेली पंधरा वर्षं परित्यक्तांच्या कामात आहे. त्यामुळे पुढचं वाचताना मला इंग्लंड दिसतच नव्हतं, आमच्या तालुक्यातल्या बायका दिसत होत्या. नवरा मेला असता तर विधवा म्हणून निदान एक जागा होती. सोडून गेलेल्याची बायको म्हणजे ना इकडची ना तिकडची. सारा मुलांना घेऊन बास्करव्हिलकडे घर सांभाळायला म्हणून आली. काही काळानं दोघं नवरा-बायकोसारखे राहू लागले. गावात कुजबूज झालीच असणार. लग्न करायचं तर पहिल्यातून सुटका हवी, आणि त्या काळच्या इंग्लंडात पूर्ण घटस्फोटासाठी पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करवून घ्यावा लागायचा. ते बड्या श्रीमंतांचं काम. ज्याचा पत्ता नाही अशा माणसाचं नाव ती वर्षानुवर्षं लावत राहिली. व्हर्जिल छापलं तेव्हा, बायबल छापलं तेव्हाही ती कागदोपत्री मिसेस ईव्हजच होती. १७६४ साली रिचर्ड वारला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत या दोघांनी लग्न केलं. त्यांना झालेला मुलगा मात्र लहानपणीच गेला होता.

८ जानेवारी १७७५ ला बास्करव्हिल वारला. चर्चच्या जमिनीत पुरू नका, माझ्याच आवारात पुरा असं त्यानं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. त्या काळात केवढं धाडस! ती इच्छा साराला पुरी करावी लागली. तिनं केली.

आणि मग तिनं जे केलं ते मी दोनदा वाचलं. नवरा जाऊन काही महिनेही झाले नव्हते, आणि तिनं जाहिरात दिली की खिळे ओतण्याचं काम आपण तसंच चालू ठेवत आहोत. आता सांगा, घर सांभाळायला आलेल्या बाईनं ही वर्षं नुसता स्वयंपाक केला असेल का? शिसं किती तापवायचं, खिळा कधी वाकडा निघतो, कोणत्या कारागिराला काय सांगायचं हे ठाऊक नसताना कोणी अशी जाहिरात देईल? माझं उत्तर नाही असं आहे. बास्करव्हिलच्या चरित्रात कारागीर हँडीला जागा मिळते, फ्रँकलिनला मिळते, सारा मात्र बऱ्याचदा दोन ओळींत आटोपते.

जे नवऱ्याला जमलं नाही तेही तिनंच जमवलं. १७७९ साली तिनं ठसे, साचे, खिळे फ्रेंच नाटककार बोमार्शे याला ३,७०० पौंडांना विकले. व्हॉल्तेअरचं समग्र साहित्य छापायचं त्याच्या डोक्यात होतं. फ्रान्समध्ये बंदी, म्हणून त्यानं ऱ्हाइन नदीपलीकडे केल या गावी छापखाना थाटला आणि तिथे या अक्षरांत ७० खंड निघाले. सारा १७८८ साली गेली. घर दुसऱ्याच्या हाती गेलं, १७९१ च्या दंगलीत जळलं. १८२१ साली त्या आवारात कालव्याच्या धक्क्याचं काम करताना मजुरांना बास्करव्हिलची शवपेटी सापडली. कितीतरी हातांतून फिरून शेवटी तो पोचला तो चर्चच्याच दफनभूमीत. मेल्यावरही माणसाचं कोणी ऐकत नाही.

अक्षरं मात्र टिकली. त्यांच्या नकला तर त्याच्या हयातीतच निघाल्या होत्या, आणि आमच्या दादांच्या संगणकातलं ते ‘ओल्ड फेस’ अशाच एका नकलेच्या वंशातलं आहे. १९२३ साली मोनोटाइप कंपनीनं मूळ अक्षर नव्यानं बनवलं. १९५३ साली फ्रान्समधून मूळ ठसे केंब्रिजला परत आले. ठळक भावंडंही नंतरची. बास्करव्हिलच्या काळी सरळ आणि तिरकं एवढीच जोडी असायची. जोर द्यायचा तर तिरकं करायचं किंवा आकार वाढवायचा. म्हणजे आमच्या दादांनी केलं ते अगदी त्याच्याच चालीचं झालं!

१९९६ साली अमेरिकेतल्या झुझाना लिच्को या अक्षरकर्तीनं बास्करव्हिलवरून नवा फॉन्ट केला. जाड-बारीक रेषांतला फरक कमी केला, अक्षर जरा पसरट आणि मऊ केलं. भोवती मोकळी जागा ठेवली, आणि अक्षराला अक्षर जोडून कितीतरी जोडाक्षरं घातली. आपल्याला जोडाक्षरांचं काय अप्रूप, पण इंग्रजीत ती हौस. आणि नाव ठेवलं ‘मिसेस ईव्हज’. बास्करव्हिलचं नाही, साराचं. तेही लग्नाआधी वर्षानुवर्षं वागवलेलं, लोकांच्या तोंडी असलेलं नाव. पुढे २००९ साली याच फॅमिलीत एक साधा, बिनफराट्यांचा जोडीदार फॉन्ट आला, त्याचं नाव ‘मिस्टर ईव्हज’. ते वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला. पळून गेलेल्यालाही फॅमिलीत जागा मिळालीच शेवटी! लेक म्हणाला, आई, तो नुसता फॉन्ट आहे. असेल.

दुसऱ्या दिवशी पुस्तिकेची प्रुफं बघायला गेले. इंग्रजी पानावर पदाधिकाऱ्यांची यादी होती. आमच्या गटाची खजिनदार बाई नऊ वर्षांपासून एकटी आहे. नवरा कुठे आहे ते तिला माहीत नाही. दरवर्षी तिचं नाव त्याच्या नावासकट छापलं जातं. यंदा तिनं हळूच मला बाजूला घेऊन सांगितलं, की माझं नाव आणि आईचं नाव एवढंच छापा. मी दादांना तसं सांगितलं. त्यांनी यादीतली सगळी नावं ठळक करायला हात पुढे नेला, मी थांबवलं. फुगेल ते, म्हटलं. सगळीच दोन पॉइंट मोठी करा.